सुलटी रेघ, उलटी रेघ : फायलींच्या पत्त्यांचा इतिहास

महाराष्ट्रात वडनेर नावाची गावे अनेक आहेत. बुलढाणा जिल्ह्यात वडनेर भोलजी आहे, अमरावती जिल्ह्यात दर्यापूरकडे वडनेर गंगाई आहे, नाशिक जिल्ह्यात चांदवड तालुक्यात वडनेर भैरव आणि मालेगाव तालुक्यात वडनेर खाकुर्डी. नागपूर-हैदराबाद महामार्गावरच्या आमच्या वडनेरला मात्र असे जोडनाव नाही. त्यामुळे परगावी कोणी 'कोणते वडनेर?' असे विचारले की आम्ही वरून खाली उतरत सांगतो : वर्धा जिल्हा, हिंगणघाट तालुका, वडनेर. नुसते नाव पुरत नाही. ते कोणाच्या पोटात आहे तेही सांगावे लागते.

संगणकातल्या फाइलचा पत्ता याच रीतीने लिहितात. आधी मोठे घर, मग त्यातली खोली, मग कपाट, मग कागद. दोन नावांच्या मध्ये एक तिरकी रेघ. ही रेघ काही संगणकांत डावीकडे झुकते आणि काहींत उजवीकडे. वरवर पाहता ही अगदी किरकोळ बाब आहे. पण या रेघेमुळे आमच्या गावातल्या एका मुलीचे काम दोन दिवस अडून राहिले, आणि त्या निमित्ताने मी या रेघेच्या इतिहासात शिरलो.

हकीकत अशी. गेली पंधरा-सोळा वर्षे मी गावातले जुने कागद जमेल तसे स्कॅन करून ठेवतो आहे. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरची पाने, सातबाराचे उतारे, कापसाच्या पट्ट्या, लग्नपत्रिका, जुन्या नोटिसा. असे हजार-बाराशे कागद झाले. त्यांची एक सूची केली. प्रत्येक ओळीत कागद कशाचा, कोणाच्या घरचा, कोणत्या सालचा, आणि शेवटी संगणकातला पत्ता. नमुन्यादाखल एक ओळ : डी:\वडनेर\शाळा\१९६१\स्कॅन०४१७.

दोन वर्षांपूर्वी शेजारची मुलगी आली. अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला होता, जात वैधता प्रमाणपत्र हवे होते. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ ही तारीख महत्त्वाची धरली जाते. त्यापूर्वीचा, जात आणि राहण्याचे ठिकाण दाखवणारा घरातल्या वडीलधाऱ्यांचा कागद लागतो. तिच्या आजोबांचा शाळेतला दाखला एका पावसाळ्यात भिजून गेला होता. "काका, तुम्ही तेव्हा फोटो काढून नेले होते ना आमच्या कागदांचे?" तिने विचारले. नेले होते. स्कॅन म्हणजे पुरावा नव्हे, हे खरे. पण त्यावर रजिस्टरचा अनुक्रमांक होता, आणि तो मिळाला तर शाळेतून सही-शिक्क्याचा उतारा मागता येणार होता. सूचीत मी अनुक्रमांक लिहिला नव्हता, हा माझाच आळस.

माझा जुना संगणक तोवर बंद पडला होता. त्यातली डिस्क तेवढी शाबूत होती. नागपूरला शिकणाऱ्या पुतण्याने ती आपल्या लॅपटॉपला जोडली. सूचीत त्या घराच्या त्रेचाळीस नोंदी निघाल्या, अकरा फोल्डरांत विखुरलेल्या. एकेक शोधत बसण्यापेक्षा सगळ्या एकदम गोळा करू, म्हणून त्याने विंडोजच्या आतच बसवलेल्या लिनक्समध्ये चार ओळींचा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. उत्तर आले : अशी फाइल नाही. त्रेचाळीस वेळा तेच उत्तर.

"काका, तुमचे पत्ते विंडोजचे आहेत," तो म्हणाला. "लिनक्सला ते वाचता येत नाहीत."

झाड आणि त्याच्या फांद्या

फोल्डरात फोल्डर, त्यात आणखी फोल्डर ही रचना आज इतकी अंगवळणी पडली आहे की ती कोणाला तरी सुचावी लागली असेल असे वाटतच नाही. ती सुचली ती मल्टिक्स या प्रकल्पात. एमआयटी, बेल लॅब्ज आणि जनरल इलेक्ट्रिक या तीन संस्थांचे हे संयुक्त काम. १९६५ साली आर. सी. डेली आणि पी. जी. न्यूमन यांनी त्यातल्या फाइल-व्यवस्थेवर निबंध वाचला. एका मोठ्या संगणकावर अनेक माणसे एकाच वेळी काम करणार, प्रत्येकाचे कागद वेगळे राहिले पाहिजेत, आणि दोघांनी एकच नाव दिले तरी घोटाळा होता कामा नये, अशी त्यामागची गरज होती. म्हणजे दोन वडनेरांचाच प्रश्न. त्यावर त्यांनी उलट्या झाडाची रचना सुचवली : वर मूळ, खाली फांद्या, टोकाला पाने. मल्टिक्समध्ये दोन नावांच्या मध्ये '>' हे चिन्ह वापरत.

१९६९ मध्ये बेल लॅब्ज या प्रकल्पातून बाहेर पडली. तिथल्याच केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी एका लहान संगणकावर आपली स्वतंत्र व्यवस्था उभारायला घेतली. तिचे नाव युनिक्स. तिची पहिली छापील पुस्तिका नोव्हेंबर १९७१ ची. तिच्यात नावांच्या मध्ये '/' ही सुलटी रेघ आहे, आणि नुसती एक रेघ लिहिली तर ती अख्ख्या झाडाचे मूळ दाखवते. युनिक्समध्ये मूळ एकच. दुसरी डिस्क जोडली तर तीही याच झाडाच्या एखाद्या फांदीवर कलम केली जाते. तिला वेगळे अक्षर मिळत नाही. लिनक्सने पुढे हीच रीत घेतली.

उलटी रेघ कुठून आली

उलट्या रेघेचा, म्हणजे '\' या चिन्हाचा जन्म पत्त्यांसाठी झालाच नव्हता. आयबीएममधले बॉब बेमर १९६१ च्या सुमारास संगणकासाठी एक सर्वमान्य अक्षरसंच घडवण्याच्या कामात होते. त्यातून पुढे १९६३ चे आस्की मानक निघाले. त्या काळच्या अल्गॉल या भाषेत 'आणि' व 'किंवा' यांसाठी खास तर्कचिन्हे लागत. सुलटी रेघ संचात होतीच. तिच्या जोडीला एक उलटी रेघ घेतली तर '/\' आणि '\/' अशी दोन्ही चिन्हे जुळवता येतील, हा बेमर यांचा हिशेब. संच मान्य झाला, अल्गॉल मागे पडली आणि उलटी रेघ कळफलकावर जवळजवळ बिनकामाची उरली. युनिक्सच्या शेलने तिला एक वेगळे काम दिले : पुढच्या अक्षराचा नेहमीचा खास अर्थ घेऊ नको, असे सांगण्याचे. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिच्यामुळेच आमची फजिती झाली.

दुसरीकडे लहान संगणकांचे जग वाढत होते. १९७४ मध्ये गॅरी किल्डॉल यांनी सीपी/एम तयार केली. तिच्यात फ्लॉपीला ए:, बी: अशी अक्षरे असत, पण फोल्डरात फोल्डर नसे. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला. त्याच्यासोबतच्या मायक्रोसॉफ्टच्या डॉसने अक्षरांची हीच रीत उचलली. एका फ्लॉपीवर १६० किलोबाइट मजकूर आणि फार तर ६४ फायली. एवढ्यासाठी झाड कोण लावील? मात्र आज्ञेला सूचना जोडण्यासाठी '/' वापरायची सवय डॉसच्या आज्ञांना तेव्हाच लागली. ही रीत डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या जुन्या व्यवस्थांमध्येही होती.

मार्च १९८३ मध्ये आयबीएमने १० मेगाबाइटची हार्ड डिस्क असलेला पीसी एक्सटी आणला. साठेक फ्लॉप्यांचा ऐवज एका ठिकाणी आला, आणि आता फोल्डरांवाचून गत्यंतर नव्हते. डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीने युनिक्सचे झाड घेतले. रेघही घेतली असती, पण सुलटी रेघ आधीच सूचनांच्या कामावर रुजू झालेली. तीच पत्त्यांत आणली तर लोकांच्या जुन्या आज्ञा मोडणार. म्हणून बेमर यांची ती रिकामी बसलेली उलटी रेघ पत्त्यांसाठी बोलावली गेली. गंमत अशी की डॉसच्या गाभ्याला दोन्ही रेघा चालत, आणि आजच्या विंडोजच्या गाभ्यालाही बहुतेक ठिकाणी चालतात. म्हणजे अडचण यंत्राची नव्हती, रुळलेल्या सवयीची होती. दोन वर्षांच्या सवयीने पुढची चाळीस वर्षे ठरवली.

या रेघेचे देशोदेशी झालेले हालही पाहण्यासारखे आहेत. जपानने १९६९ च्या आपल्या मानकात उलट्या रेघेच्या जागी येनचे चिन्ह बसवले. त्यामुळे जपानी विंडोजमध्ये कितीतरी वर्षे फाइलच्या पत्त्यात नावानावांमध्ये येन दिसत आले. कोरियात तिथे वॉनचे चिन्ह आले. भारताने १९९१ च्या इस्की मानकात पहिली १२८ स्थाने आस्कीसारखीच ठेवली, म्हणून आपल्याकडे रेघ रेघच राहिली. पण इनस्क्रिप्ट कळफलकावर मराठी चालू असताना सुलट्या रेघेची कळ दाबली तर 'य' उमटतो आणि उलट्या रेघेची दाबली तर 'ॉ'. माझ्या सूचीतल्या निदान दहा ओळींत रेघेच्या जागी असे य आणि ॉ शिरलेले नंतर सापडले.

दुभाषी आज्ञा

दोन भाषा शेजारी नांदू लागल्या की दुभाषी लागतो. १९९५ मध्ये सिग्नस सोल्यूशन्स या कंपनीतले अभियंते स्टीव्ह चेंबरलेन यांनी युनिक्सचे प्रोग्रॅम विंडोजवर चालावेत म्हणून एक थर उभारायला घेतला. तोच पुढे सिगविन म्हणून ओळखला गेला. एकाच संगणकात दोन्ही पद्धतींचे पत्ते आले. सी: या अक्षराला युनिक्सच्या एकमुळी झाडात कुठे बसवायचे, हा पहिला प्रश्न. आरंभी त्याला '//सी' असे लिहीत. पण दोन रेघांनी सुरू होणारा पत्ता म्हणजे जाळ्यावरचा दुसरा संगणक, असा विंडोजचा संकेत. मग ती रीत सोडून '/सिगड्राइव्ह/सी' असे कलम ठरले.

या भाषांतरासाठी सिगविनने दिलेली आज्ञा म्हणजे सिगपाथ. तिला पत्ता द्यावा आणि सोबत एक अक्षर. '-यू' म्हटले की युनिक्सचा पत्ता मिळतो, '-डब्ल्यू' म्हटले की विंडोजचा. '-एम' म्हटले की संमिश्र : अक्षर विंडोजचे, रेघा सुलट्या. '-पी' दिले तर पत्त्यांची अख्खी माळ बदलून मिळते, कारण अशा माळेत युनिक्स दोन पत्त्यांमध्ये अपूर्णविराम घालते आणि विंडोज अर्धविराम. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने स्वतःच विंडोजच्या आत लिनक्स बसवायची सोय केली. तिथे सी: चे कलम '/एमएनटी/सी' या फांदीवर झाले, आणि २०१८ पासून डब्ल्यूएसएलपाथ ही आज्ञा तिच्यासोबत येऊ लागली. काम तेच, सूचनांची अक्षरेही बहुतांशी तीच.

पुतण्याने सूचीतली एक ओळ या आज्ञेला दिली. उत्तरात फोल्डरांची नावे एकमेकांना चिकटून आली, रेघा नाहीशा. शेलने उलट्या रेघेचा आपला जुना अर्थ लावला होता आणि आज्ञेपर्यंत पत्ता पोहोचण्याआधीच त्या गिळल्या होत्या. पत्ता एकेरी अवतरणचिन्हांत घातल्यावर रेघा टिकल्या. तरी फाइल मिळेना. कारण माझ्या संगणकात डी: असलेली डिस्क त्याच्या लॅपटॉपवर ई: झाली होती. विंडोजमधली ही अक्षरे पंगतीतल्या पानांसारखी असतात, जो जिथे येऊन बसेल ते त्याचे. डी: च्या जागी ई: घातले, सगळ्या ओळी आज्ञेतून काढल्या, आणि त्रेचाळीसपैकी सदतीस कागद भराभर पडद्यावर आले. सहा आले नाहीत. आम्हाला हवे असलेले पान त्या सहांत होते.

एका नावातली सहा अक्षरे आणि सात अक्षरे

ते सहाही कागद १९५६ पूर्वीचे होते. असे कागद मी 'मध्यप्रांत_वऱ्हाड' नावाच्या फोल्डरात ठेवले होते. फोल्डर डोळ्यांसमोर दिसत होते. सूचीतले नाव आणि फोल्डरावरचे नाव मी तीनदा ताडून पाहिले, तसूभर फरक नाही. यंत्र मात्र म्हणत होते, असे फोल्डर नाही.

शेवटी पुतण्याने दोन्ही नावांतले संकेत मोजले. सूचीतल्या 'वऱ्हाड' या शब्दात सहा निघाले, फोल्डरावरच्या शब्दात सात. मराठीतला हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याला हलन्त जोडायचा. दुसरा, साधा र, हलन्त आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह. कागदावर दोन्ही सारखेच. मी सूची इनस्क्रिप्टने टंकली होती आणि फोल्डरला नाव दिले तेव्हा उच्चारानुसारी कळफलक वापरला होता. आपल्याच प्रदेशाचे नाव मी दोन तऱ्हांनी लिहिले होते आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

दुभाष्या आज्ञेची मर्यादा इथे कळते. ती पत्त्याची मांडणी बदलते, त्यातली नावे जशीच्या तशी पुढे देते. सिगपाथ तर त्या पत्त्यावर खरोखर कोणी राहते का, हेही पाहत नाही. तार नेणाऱ्याने मजकूर तपासावा अशी अपेक्षा करण्यासारखे आहे ते. शिवाय मराठी नावांना आणखी एक जाच असतो. लिनक्सच्या नेहमीच्या फाइल-व्यवस्थेत एका नावाला २५५ बाइटची मर्यादा असते, आणि प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक संकेत ३ बाइट घेतो. काना-मात्राही त्यात आल्या. म्हणजे रोमन लिपीत २५५ अक्षरांचे नाव चालते, मराठीत ८५ संकेतांवर संपते. विंडोज हीच मर्यादा वेगळ्या मापाने मोजते, त्यामुळे तिथे चाललेले लांबलचक मराठी नाव इकडे नाकारले जाऊ शकते. जुन्या कागदांना लांब, वर्णनात्मक नावे देणाऱ्या माझ्यासारख्यांनी हे ध्यानात ठेवावे.

गाव जागचे हलले नाही

फोल्डराचे नाव सूचीत नव्याने उतरवले आणि पान उघडले. १९५२ सालचे. आजोबांचे नाव, जन्मतारीख, जात, गाव वडनेर आणि डाव्या कोपऱ्यात अनुक्रमांक. मुलीने तो लिहून घेतला. मग वरचा मथळा वाचून तिचा चेहरा उतरला. "काका, हा तर मध्य प्रदेशाचा कागद आहे. हा चालेल का?"

तिला मी जे सांगितले ते आमच्या गावाच्या पत्त्याचे रूपांतरच होते. १८५४ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. १८६१ मध्ये मध्यप्रांत झाला. १८६२ मध्ये नागपूरमधून वर्धा जिल्हा वेगळा काढला. त्याचे ठाणे आधी पुलगावजवळच्या कवठ्याला होते, ते १८६६ मध्ये पालकवाडीला, म्हणजे आजच्या वर्धा शहराच्या जागी आले. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्यप्रांताला जोडले गेले. १९५० मध्ये या प्रांताचे नाव मध्य प्रदेश झाले आणि राजधानी नागपूरच राहिली. १ नोव्हेंबर १९५६ ला आम्ही मुंबई राज्यात आलो, १ मे १९६० ला महाराष्ट्रात. १८६२ पासून पाहिले तरी वडनेरच्या आधीची नावे किती वेळा बदलली! कागद त्या त्या वेळच्या पत्त्यानिशी निघाले. १९५२ चा कागद मध्य प्रदेशाचा असणारच. तो महाराष्ट्राचा असता तर शंका घ्यावी लागली असती.

युनिक्समध्ये याला समांतर एक गोष्ट आहे. तिथे फाइलची खरी ओळख एका क्रमांकाने ठेवलेली असते, त्याला आयनोड म्हणतात. नाव आणि पत्ता हे फोल्डरात लिहिलेले असतात. ते बदलले तरी त्याच डिस्कवर असेतो क्रमांक तोच राहतो. आमच्या हिंगणघाटला विल्यम लॅम्ब्टनची कबर आहे. १८०२ मध्ये मद्रासहून त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू करणारा हा माणूस ते उत्तरेकडे नेत असताना २० जानेवारी १८२३ ला हिंगणघाटला वारला. कोणत्या राज्याची हद्द कुठे, याच्याशी त्याच्या अक्षांश-रेखांशांना कर्तव्य नव्हते. त्या मापनात वडनेरची जागा भोसल्यांच्या काळी जी होती तीच आज आहे. पण लॅम्ब्टनचे आकडे घेऊन कोणी गावी येत नाही, आणि आयनोड सांगून कोणी कागद मागत नाही. माणसांचा व्यवहार पत्त्यांवरच चालतो. म्हणून पत्ता बदलला की जुन्याचे नव्यात रूपांतर करून ठेवणारे कोणीतरी लागते, मग ती चार अक्षरी सूचना घेणारी आज्ञा असो, नाहीतर गावातला एखादा कागद जपणारा.

शाळेने अनुक्रमांकावरून रजिस्टर काढले आणि तिसऱ्या दिवशी उतारा दिला. मुलीला प्रमाणपत्र मिळाले. ती आता तिसऱ्या वर्षाला आहे. मी सूची पुन्हा लिहायला घेतली आहे. आता पत्त्यात डी: किंवा ई: लिहीत नाही. 'वडनेर' या फोल्डरापासून सुरुवात करतो आणि रेघा सुलट्या ठेवतो, त्या दोन्हीकडे वाचल्या जातात. वऱ्हाड एकाच तऱ्हेने लिहितो. आणि प्रत्येक कागदावरचा अनुक्रमांक तेव्हाच्या तेव्हा सूचीत उतरवून ठेवतो. सातशे नोंदी झाल्या आहेत, पाचशे बाकी आहेत.